तालमीशेजारची कार्यशाळा

(लोणावळ्यातील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

ऑक्टोबर २०११ मध्ये ‘रियल स्टील’ हा इंग्रजी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक शॉन लेव्ही, नायक ह्यू जॅकमन. निर्मिती ड्रीमवर्क्सची, आणि तिला जोड मुंबईच्या रिलायन्स समूहाच्या पैशाची. गोष्ट त्या वेळच्या नजीकच्या भविष्यातली, २०२० सालची. माणसांचं मुष्टियुद्ध मागं पडलं आहे. प्रेक्षकांना अधिकाधिक जबर मारामारी हवी होती आणि ती पुरवणं माणसाच्या हाडामांसाला जमेना. आता रिंगणात उतरतात ते माणसाहून उंच पोलादी रोबोट. चार्ली केंटन हा एकेकाळचा मुष्टियोद्धा जुनेपाने रोबोट ट्रकमध्ये घालून गावोगाव हिंडतो, झुंजी लावतो, हरतो आणि कर्ज बुडवून पळ काढतो. पहिल्याच प्रसंगात त्याचा रोबोट एका जत्रेत चक्क बैलाशी झुंजतो. चार्लीचं लक्ष क्षणभर दुसरीकडे जातं आणि खेळ खलास होतो.

बैलगाड्यांच्या घाटावर आणि कुस्त्यांच्या फडात वाढलेल्या मावळच्या प्रेक्षकाला ही जत्रा परकी वाटत नाही. यंत्रं नवी असली, तरी धुरळा, आरोळ्या, पैजा आणि हरलेल्याचा पडलेला चेहरा ओळखीचाच.

चार्लीचा अकरा वर्षांचा मुलगा मॅक्स आईच्या मृत्यूनंतर त्याच्याकडे येतो, पण प्रेमानं आणलेला म्हणून नव्हे. मुलाचा ताबा मावशीला देण्याच्या बदल्यात चार्लीनं तिच्या श्रीमंत नवऱ्याकडून पैसे ठरवून घेतलेले असतात आणि उन्हाळ्यापुरता मुलगा त्याच्याकडे राहायचा असतो. एका रात्री दोघं रोबोटचे सुटे भाग चोरायला भंगारखान्यात शिरतात. तिथं चिखलात रुतलेला एक जुनाट रोबोट मॅक्सच्या हाती लागतो. त्याचं नाव अ‍ॅटम. हा सराव-रोबोट, म्हणजे दुसऱ्यांचा मार खाण्यासाठीच घडवलेला. त्याच्यात एकच गुण: समोरचा माणूस जशी हालचाल करेल तशी हुबेहूब करणं.

चित्रपटात भांडण आहे, मोडतोड आहे, एका रोबोटचं डोकं धडापासून वेगळं होतं, तरीही घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा असाच तो आहे. रक्त कुठं सांडत नाही हे त्याचं एक कारण. पण खरं कारण असं की, दुखतं ते माणसांना. मुलाचा सौदा करणारा बाप हळूहळू बाप होतो आणि ते घडतं एका यंत्रावर दोघांनी मिळून काम करताना. पाने, तारा, बॅटऱ्या, रात्रभराची दुरुस्ती. उपदेशाचं एकही भाषण न करता हा चित्रपट सांगतो की, मोठ्यांकडून लहानांकडे कसब जातं ते हातांतून.

शेवटच्या झुंजीकडे नीट पाहावं. समोर आहे झ्यूस, अजिंक्य, अफाट पैसा ओतून घडवलेला आणि ज्याला तंत्रज्ञांची फौज चालवते असा. अ‍ॅटमची आवाज ऐकण्याची यंत्रणा मारामारीत निकामी होते, आज्ञा पोहोचेनाशा होतात. मग चार्ली रिंगणाबाहेर उभा राहून हवेत ठोसे मारू लागतो आणि आत अ‍ॅटम त्याच्याकडे पाहून तेच ठोसे झ्यूसवर उतरवतो. अनेक वर्षं रिंगणापासून दूर राहिलेल्या माणसाच्या खांद्यांत आणि पायांत जे शिल्लक होतं, ते पोलादातून बाहेर येतं. पंच गुणांवर झ्यूसला विजयी ठरवतात, पण प्रेक्षक अ‍ॅटमला डोक्यावर घेतात.

मावळातल्या कुठल्याही तालमीत हाच पाठ चालतो. लाल मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरवून हौदा मऊ केलेला असतो. पोरं जोर-बैठका काढून घामाघूम झालेली असतात. वस्ताद कडेला उभा राहून फार बोलत नाही. पठ्ठ्यानं एकेरी पट काढायला वाकताना मान खाली घातली की, वस्ताद स्वतः मातीत उतरतो, पोराची हनुवटी बोटांनी वर उचलतो, पुढच्या पायाची टाच आपल्या पायानं सरकवतो आणि ‘आता घे’ म्हणतो. शेकडो वेळा घेतल्यावर तो डाव पोराच्या अंगात बसतो. त्याला पुढं विचारलं, ‘हनुवटी वर का ठेवलीस?’, तर त्याला सांगता येईलच असं नाही. शरीराला माहीत असतं.

हे शरीराचं ज्ञान यंत्राला कसं द्यायचं, हा ‘रियल स्टील’ बनवणाऱ्यांपुढचाही प्रश्न होता. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा शुगर रे लेनर्ड या चित्रपटाचा मुष्टियुद्ध-सल्लागार होता. रोबोटच्या झुंजी आधी खऱ्या माणसांनी अंगावर संवेदक लावून खेळल्या. त्यांच्या सांध्यांच्या हालचाली संगणकानं टिपल्या आणि मग त्यांवर डिजिटल डोमेन या संस्थेनं पोलादी देह चढवले. शिवाय लेगसी इफेक्ट्सच्या कारागिरांनी पूर्ण उंचीचे खरेखुरे हलते रोबोटही बांधले. बालकलाकार डकोटा गोयो अ‍ॅटमच्या शेजारी उभा दिसतो तेव्हा तिथं बरेचदा खरा रोबोट आहे, आणि मुलाच्या डोळ्यांतलं कुतूहल त्यामुळेच खरं वाटतं. दृश्यपरिणामांसाठी चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं.

मूळ कल्पना मात्र बरीच जुनी. रिचर्ड मॅथेसन या अमेरिकी लेखकाची ‘स्टील’ ही कथा १९५६ ची. तिच्यात माणसांच्या मुष्टियुद्धावर बंदी आहे आणि एका गरीब मालकाचा रोबोट ऐन सामन्याआधी मोडतो. पैशाची निकड अशी की, मालक स्वतः रोबोटचं सोंग घेऊन रिंगणात उतरतो. १९६३ मध्ये ‘ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेत ती दाखवली गेली. मॅथेसनच्या कथेत माणूस यंत्राची जागा घेतो, लेव्हीच्या चित्रपटात यंत्र माणसाचं कसब घेतं. दोन्हीकडे कणा एकच: लोखंडाच्या आत माणसाचं शरीर दडलेलं आहे.

शरीराचं ज्ञान यंत्रानं कसं टिपायचं, या प्रश्नावर गंभीर काम झालेल्या जागांपैकी एक लोणावळ्यातच आहे. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथं कैवल्यधाम स्थापन केलं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामाचे धडे घेतले होते, म्हणजे मातीचं आणि मेहनतीचं शिक्षण त्यांना आधी मिळालं. योगाकडे ते वळले तेव्हा ‘परंपरेत सांगितलंय’ एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. क्ष-किरणांची यंत्रं आणि दाबमापक त्यांनी योगाभ्यासाजवळ आणले. पोटाचे स्नायू घुसळणारी नौली ही क्रिया करताना पोटात नेमकं काय होतं? त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकानं मोजून दाखवलं की, आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बस्ती या शुद्धिक्रियेत पाणी आपोआप वर ओढलं जातं ते याच कारणानं. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. असे प्रयोग ‘योग-मीमांसा’ या त्यांच्या नियतकालिकातून प्रसिद्ध होत गेले.

शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात एक माणूस शरीराला आलेली गोष्ट यंत्रानं मोजत होता. अंगावर संवेदक लावून ठोसा टिपणाऱ्या आजच्या तंत्रज्ञाचं काम त्याच जातीचं आहे. शरीराचा अपमान न करता, त्याला पुढं ठेवून, त्याच्याकडून शिकायचं.

आणि शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मुष्टियोद्ध्याचा ठोसा हातातून निघत नाही. मागच्या पायाच्या चवड्यानं जमीन ढकलली जाते, ते बळ गुडघा, कंबर, पाठ, खांदा असं चढत मुठीपर्यंत येतं. दोन पायांच्या रोबोटला हे करताना एक पेच पडतो. उभं राहायचं तर शरीराचा तोल पावलांनी व्यापलेल्या जागेच्या आत राहिला पाहिजे. ठोसा मारताना वजन पुढं जातं आणि ठोसा लागला की तेवढंच बळ उलटं आपल्यावर येतं. माणूस हे सगळं न कळत सावरतो. रोबोटला प्रत्येक सांध्यातल्या मोटरनं क्षणाच्या बारीकशा भागात हिशेब करून सावरावं लागतं.

२०११ मध्ये ही कल्पना होती, आज तिची पहिली पावलं दिसू लागली आहेत. मे २०२५ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ शहरात युनिट्री कंपनीच्या मानवाकृती रोबोटांची मुष्टियुद्धं झाली. उंची साधारण सव्वाचार फूट, वजन पस्तीस किलोच्या आसपास, डोक्यावर शिरस्त्राण, हातांत मोजे. काही ठोसे हवेत गेले, काही लाथांत मारणाराच कोसळला. पडलेले रोबोट मात्र स्वतःचे स्वतः उठून उभे राहिले, आणि अभियंत्यांच्या दृष्टीनं खरं कौतुक त्याचंच होतं. प्रत्येकाच्या मागं नियंत्रक हातात घेतलेला माणूस होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंगला मानवाकृती रोबोटांचे जागतिक खेळ झाले, त्यांतही किकबॉक्सिंग होतं.

महाराष्ट्रात रोबोटांच्या झुंजी पाहायच्या तर पवईला जावं. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये ‘रोबोवॉर्स’ भरतं. इथले रोबोट माणसासारखे नसतात. बुटके, चाकांवरचे, पुढं गरगर फिरणारा पोलादी ड्रम किंवा उलथवणारी पट्टी लावलेले. झुंज पॉलिकार्बोनेटच्या जाड पारदर्शक भिंतींआड होते. रेडिओ-संपर्क तुटला तर रोबोट आपोआप थांबलाच पाहिजे हा असल्या झुंजींचा पाळण्याचा नियम, कारण बेभान फिरणारं हत्यार मित्र-शत्रू ओळखत नाही.

पोरांना भौतिकशास्त्र शिकवावं ते अशा रिंगणाजवळ. उभा ड्रम पूर्ण वेगानं फिरत असताना रोबोट झटकन वळला की, त्याचं एका बाजूचं चाक जमिनीवरून उचललं जातं. फिरत्या वस्तूचा अक्ष वळवायला गेलं की ती काटकोनात विरोध करते, हे पुस्तकात वाचून डोक्यावरून गेलेलं वाक्य इथं डोळ्यांसमोर उभं राहतं. शेजारच्या टेबलावर तर याहून मोठं शिक्षण चालू असतं. पुढच्या फेरीला थोडा वेळ उरलेला. एक पोरगी वाकलेला शाफ्ट काढते आहे, दुसरा साखळीची कडी बदलतो आहे, तिसरा जळक्या वासावरून कुठली मोटर गेली ते शोधतो आहे. आत्ताच हरवलेला संघ येऊन एक स्क्रू उसना देऊन जातो. हौद्यात प्रतिस्पर्ध्याला चीत केल्यावर हात देऊन उठवणारा मल्ल ज्या संस्कारात वाढतो, त्याच संस्काराची ही लोखंडी आवृत्ती.

झुंजीशिवायही रोबोटांचे खेळ असतात, आणि त्यांत पुणे जिल्ह्याचं स्थान मोठं आहे. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ‘रोबोकॉन’ ही महाविद्यालयीन स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. २००८ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली. विषय होता गोविंदा! उंचावर टांगलेल्या मटक्यांमधलं लोणी रोबोटांनी काढायचं. थर लावून हंडी फोडणारा खेळ यंत्रांच्या भाषेत गेला आणि चीनमधल्या शिआन च्याओतोंग विद्यापीठाच्या मुलांनी ती हंडी मारली. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. त्या वर्षी प्रत्येक संघाचे दोन रोबोट होते, एक पालक आणि एक बालक. माणूस चालवत असलेल्या पालक-रोबोटनं बालक-रोबोटला सी-सॉवर बसवायचं, झोक्यावर नेऊन झोके द्यायचे, खांबांवरून चालवायचं, जंगल-जिमवर चढू द्यायचं. व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठानं ती जिंकली. २०२२ मध्ये यजमानपद नवी दिल्लीकडे होतं आणि विषय होता लगोरी.

हॉलिवूडनं बाप-लेकाची गोष्ट रोबोटांच्या मारामारीतून सांगितली, आपण पालकत्वाचा विषय थेट रोबोटांच्या खेळाचा नियमच करून टाकला. ही अभिमानानं सांगायची गोष्ट आहे आणि मावळातल्या शाळाशाळांत ती माहीत असायला हवी.

मुष्टियुद्ध, शरीर आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टी ज्यांच्या आयुष्यात एकत्र आल्या, त्यांचं नाव मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ते ईएमई या यांत्रिकी दुरुस्तीच्या दलात जवान आणि कसलेले मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं उपचाराचा भाग म्हणून सुरू झालं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केलं. ते भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला. भंगारातून उठलेल्या रोबोटच्या गोष्टीनं मुलांचे डोळे भरून येत असतील, तर त्यांना पेटकरांची गोष्टही सांगितलीच पाहिजे. पडून उठणं हे यंत्रापेक्षा माणसाला किती अवघड आहे आणि तरी माणूस ते करतो, हे त्यातून कळतं.

आता मावळाकडे. यंत्रं इथं नवी नाहीत. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये धावली आणि ३७ फुटांत एक फूट चढणारा तो चढ पार करायला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, हे लोणावळ्याचं पोरगंही जाणतं. १९१५ पासून इथल्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीत वीज घडवतं. १९४५ पासून ‘शिवाजी’ या तळावर नौदलाचे अभियंते घडतात. तळेगावच्या कारखान्यांत मोटारी तयार झाल्या. एवढं सगळं अंगणात असून, सरकारी शाळेतल्या मावळी मुलामुलींना एक मोटर उघडून पाहायला मिळते का? बहुतेकांना नाही. यंत्र त्यांच्यासाठी कुंपणापलीकडची वस्तू राहते. मोठेपणी गेटवर कार्ड दाखवून तिच्यापाशी कामाला जायचं, एवढाच तिच्याशी संबंध.

हे बदलता येतं, आणि त्याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या, परीक्षेत नापास झालेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम करता करता विज्ञान शिकवलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या पुढाकारानं तिथं ‘फॅब लॅब’ ही कार्यशाळा उभी राहिली, जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी एक, आणि तीही दुष्काळी खेड्यात. पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रिकाम्या बाटल्या यांतून शेकडो खेळणी घडवून दाखवली. भंगारखान्यात खजिना शोधणारा मॅक्स त्यांना नक्की आवडला असता. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी शाळांना केंद्राचं अनुदानही मिळतं. साधनं येतात; ती कपाटात कुलूपबंद राहू नयेत यासाठी मात्र वस्ताद लागतो.

म्हणून या व्याख्यानातली मागणी साधी आहे. मावळात जिथं तालीम आहे, तिथं तिच्या भिंतीला लागून एक कार्यशाळा असावी. पोरांनी पहाटे मातीत अंग मोडावं आणि संध्याकाळी यंत्र जोडावं. सेवानिवृत्त नौदल अभियंते, कारखान्यांतले फिटर, गॅरेजचे मेकॅनिक यांच्या हातातलं कसब या मुलांत उतरावं. मुली तिथं पहिल्या दिवसापासून असाव्यात. २०२३ मध्ये प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. कार्यशाळेत मुलींना कुणी तेवढी वाट पाहायला लावू नये. सुरक्षेत तडजोड नको: डोळ्यांवर चष्मा, झुंजीला पिंजरा, लिथियमच्या बॅटऱ्या वेगळ्या जागी चार्ज करायच्या आणि शेजारी वाळूची बादली भरलेली.

पैसा कुठून येणार? तळेगावनं याचं उत्तर एकदा दिलेलं आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, टिळकांनी तिला बळ दिलं आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली तिथं काच बनली आणि काच बनवणारे कारागीरही तयार झाले.

सुरुवात म्हणून पुढच्या यात्रेत दोन गावांच्या पोरांनी बांधलेल्या दोन छोट्या रोबोटांची एक झुंज लावावी. वजन तीन किलोच्या आत, हत्यार फिरणारं नको, नुसती रेटारेटी आणि उलथवाउलथवी. पंच म्हणून गावातला जुना मल्ल उभा करावा, कारण कोण खरंच दबलं आणि कोण नुसतं घसरलं हे त्याच्या डोळ्याला कळतं. जिंकणाऱ्या संघाला नारळ आणि फेटा द्यावा. हरणाऱ्या संघाच्या हाती माईक द्यावा, म्हणजे नेमकं काय मोडलं आणि पुढच्या वर्षी ते कसं मोडणार नाही, हे तीच पोरं भरल्या फडासमोर सांगतील.